तिन्हीसांजेची बंद दारं

यंदा देवाने कौल दिला, आणि आज दुपारपासून आमचं अख्खं गाव वेशीबाहेर येऊन बसलंय. खाडीच्या वरच्या अंगाला जो माळ आहे तिथे माडाच्या विणलेल्या चुडतांच्या राहुट्या उभ्या राहिल्यात, तीन दगडांच्या चुली पेटल्यात, आणि नुकत्या तोडलेल्या माडाच्या झावळांचा तो ओला, हिरवट वास सगळीकडे भरून राहिलाय. पुढचे तीन दिवस नि तीन रात्री गावात कुणी म्हणजे कुणी राहायचं नाही. गुरं नाहीत, कुत्री नाहीत, पाळण्यातलं पोर नाही की अंथरुणाला खिळलेला म्हातारा नाही. गाव रिकामं करून देवाच्या हवाली करायचं, चौथ्या दिवशी पुन्हा कौल घ्यायचा, आणि देव ‘या’ म्हणाला की परतायचं. याला आम्ही गावपळण म्हणतो. दर तीन-चार वर्षांनी, देवाच्या मर्जीने. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो आणि मग म्हणतो, ‘अरे वा, म्हणजे पिकनिकच की!’ म्हणू दे बापडा.

भात कापून झालंय. मळ्यांत नुसते सड उरलेत आणि सकाळी त्यांच्यावर दव असतं. पहाटे अंगावर एक गोधडी जास्त लागते, आणि दुपार कलली की उजेड असा काही तिरपा नि पिवळा होतो की साधं शेणाचं खत टाकलेलं शेतसुद्धा बघत राहावंसं वाटतं. हा उजेड आला की मला मागची गावपळण आठवते. तिच्यामागून जे घडलं ते तर फारच आठवतं.

माझं नाव दिगंबर, गावात दिगू. बाजारात माझा फोटो स्टुडिओ होता. या पंचक्रोशीतली निम्मी लग्नं मी काढली. लग्नं काढली म्हणजे फोटो काढले. आमच्याकडे असंच बोलतात. मुंडावळ्या, सप्तपदी, रुसलेली आत्या, जेवणाच्या पंगतीत तोंडात घास असताना वर बघणारे पाहुणे, सगळं काढलं. “दिगू, बाजूक हो मरे, नवरी दिसना नाय!” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतसुद्धा कूस बदलून बाजूला होतो. एवढ्या सगळ्या अल्बमांत मी कुठेच नाही. एका नवरीच्या मागे कपाटाचा आरसा होता, त्यात माझं कोपर आलंय. तेवढंच.

मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि स्टुडिओ बंद झाला. लग्न मी केलं नव्हतं. ते का नाही, ही लांबलचक गजाल आहे आणि तिच्यात काही राम नाही. आई होती तोवर घरात कुणीतरी ‘इलंस?’ म्हणून विचारायचं. ती गेली आणि संध्याकाळी घरात शिरताना मीच आधी दिवा लावायला लागलो.

आमच्या शेजारी रोझीबाय राहते. ती ख्रिस्तांव, नवरा बोटीवर तारवटी होता, म्हणजे खलाशी. तो गेल्यावर तिने माळा साफ केला तेव्हा एक जुनं, भलंमोठं कॅलेंडर निघालं. कुठल्याशा परदेशी जहाज कंपनीचं. तारखा जुन्या, पण प्रत्येक पानावर एकेक निसर्गचित्र. “तू घे रे, तुका चित्रांचा कळता,” म्हणाली. मला चित्रांचं काय कळतंय, पण घेतलं. आणि अहो, त्या बारा पानांनी मला वेड लावलं. दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीच्या कुणा गोऱ्या चित्रकारांची ती चित्रं. खाली चिमूटभर जमीन, वर नुसतं आभाळ. आभाळाचं काय ते वैभव! ढगांवर ढग, त्यांच्या फटीतून उतरलेला उजेड, आणि खाली कोपऱ्यात कुठेतरी शेंगदाण्याएवढा माणूस आपली गाय हाकत चाललेला. त्या माणसाचं नाव-गाव कुणी विचारणार नाही. पण तो काढून टाका, चित्र मेलंच म्हणून समजा. मी अंगठ्याने झाकून बघितलं होतं.

तेव्हापासून मी तसली चित्रं करू लागलो. मला रंग येत नाहीत, फोटो येतात. एका फोटोत तसं चित्र कधीच सापडत नाही. आभाळ चांगलं असतं तेव्हा खाली कुणीतरी निळं ताडपत्रीचं छप्पर घातलेलं असतं. म्हणून तुकड्यांनी गोळा करायचं. आभाळ एका दिवसाचं, खाडी दुसऱ्या दिवसाची, होडी तिसरीकडची, आणि सगळं कॉम्प्युटरवर एकावर एक थर ठेवून जुळवायचं. सांधा दिसता कामा नये. उजेड एकाच बाजूने यायला हवा, सावल्या एकाच दिशेला पडायला हव्यात, लांबचं झाड धूसर आणि जवळचं गडद. शेवटी सगळ्यावरून चहाच्या पाण्यासारखा एक पिवळट तपकिरी हात फिरवायचा, की जुन्या चित्राचा भास होतो. लोक म्हणत, “दिगूक आता काम नाय, ढग जमयता.” जमवत होतोच. माझ्याकडे अजूनही ढगांचा एवढा साठा आहे की एक अख्खा पावसाळा काढून दाखवीन.

तर मागची गावपळण. याच माळावर होतो. राहुट्या घरटी असतात, म्हणजे एका घराची एक. एकट्याची राहुटी कोण बांधणार आणि कुणासाठी? मी कडेच्या काजूखाली ताडपत्री बांधली आणि गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडत राहिलो. गावपळणीइतकं माणसांनी भरलेलं दुसरं काही नाही. घरात जे एकमेकांशी बोलत नाहीत ते इथे एका चुलीवर हात शेकतात. बायका भाकऱ्या थापता थापता सासवांच्या नकला करतात, आणि सासवा शेजारच्या राहुटीत बसून त्या ऐकतात. पत्ते, भजनं, कुत्र्यांची पळापळ. त्या बिचाऱ्यांना घरी जायचं असतं आणि का जाऊ देत नाहीत ते कळत नाही. ज्या राहुटीसमोरून जावं तिथून हाक येई, “दिगू, जेवलंस?” मी म्हणे, “जेवतंय, जेवतंय.” एका रात्री असं झालं की या राहुटीला वाटलं मी त्या राहुटीत जेवलो आणि त्या राहुटीला वाटलं या राहुटीत. उपाशी झोपलो. चूक कुणाची म्हणणार? एवढ्या माणसांत पोटात कावळे ओरडत पडलो होतो आणि हसूही येत होतं. पण रडूही आलं, ते लपवून काय करू.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो ढग आला. ऐन थंडीत, ध्यानीमनी नसताना. गावाच्या वर, समुद्राकडून, एक लांबच लांब ढग उठला. वरून काळा, खालची कड तांबूस, आणि एकाच जागी फाटलेला. त्या फटीतून उजेड सरळ आमच्या रिकाम्या गावावर उतरला. सगळा माळ उठून उभा राहिला. चुलीवरचा भात करपला तरी कुणी वाकलं नाही. राहुट्यांवर पाऊस पडला तर काय, ही एक धास्ती. आणि देव रागावला की काय, ही दुसरी. तात्या, आमचे मानकरी, देवाच्या कौलाला उभे राहतात ते, हात जोडून उभे होते. मी लोकांच्या मागे, बांधावर चढून फोटो काढत होतो. पाऊस पडला नाही. ढग विरला. पण त्या सांजेचं आभाळ गावातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत राहिलं. आजही कुणाला विचारा, हाताने आकार काढून दाखवतील.

आणि मला त्या क्षणी एकच गोष्ट हवीशी झाली. त्या उजेडाखाली आमचं गाव आतून कसं दिसत असेल? ते कुणीच कधी बघितलेलं नाही. बघायचंच नाही असा नेम आहे. आमची आळी, देवळाकडची दगडी पायऱ्यांची पाखाडी, रोझीबायचा क्रूस, तुळशी, सगळं आहे आणि माणूस नाही. लहानपणापासून आम्ही सगळेच त्याच्या कल्पना करत आलोय. कुणी म्हणतं राखणदार काठी आपटत फिरतो, कुणी म्हणतं देव स्वतः घराघरांत डोकावतो. मी ठरवलं, हे चित्र करायचं. गावपळणीत गावात पाऊल न टाकता.

पुढच्या थंडीपर्यंत थांबलो, कारण सूर्य त्याच जागी बुडायला हवा. मग रोज संध्याकाळी पाखाडीच्या वरच्या टोकाला तिकाटणं लावून एकाच जागेवरून फोटो काढत राहिलो. आज जिथे तात्या उभे, तिथली जमीन उद्या मोकळी मिळे. आज जिथे पोरं खेळत, तिथली परवा. तुकडा तुकडा घेऊन मी माणसं पुसत गेलो. तारा काढल्या, खांब काढले, वाळत घातलेली लुगडी काढली. एक अडचण मात्र मोठी होती. तिन्हीसांजेला आमच्याकडे कुणी दार लावत नाही. लक्ष्मी यायची वेळ, दिवा लावून दार सताड उघडं. आणि गावपळणीला तर प्रत्येक दार कडी घालून बंद. म्हणून दुपारच्या वामकुक्षीच्या वेळी मी बंद दारं टिपली, त्यांच्यावर संध्याकाळचा रंग चढवला आणि एकेक चौकटीत बसवली. त्या दारांनी माझा जीव खाल्ला. पण जमलं, आणि असं जमलं की रात्री ते उघडून बघताना माझ्याच अंगावर काटा आला. शेवटी वर तो ढग ठेवला.

कुडाळहून कापडावर मोठं करून आणलं. आमच्या वाचनालयाचा वार्षिक कार्यक्रम होता, भिंत मोकळी होती, त्यांनी म्हटलं लाव. लावलं. मनातून फार वाटत होतं की कुणीतरी पाठीवर थाप मारावी. एवढं वय झालं तरी वाटतं.

लोक आले, चित्रासमोर थांबले आणि गप्प झाले. मी मनात म्हटलं, वा! कलेपुढे माणूस असाच गप्प होतो. कसली कला न् कसलं काय. तात्या पुढे गेले, चष्मा वर करून बघितलं, आणि वळून मला विचारलं, “दिगू, ह्यां तू कदी काढलंस?”

“काढूक नाय, तात्यानू. जुळवलंय.”

“ढग तो त्या सांजेचो.”

“होय.”

“आणि तिनसांजेक दारा बंद. सगळी दारा.” त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “गावपळणीत तू गावात रवलंस.”

माझी पाचावर धारण बसली. तुम्हाला शहरात बसून कळणार नाही याचा अर्थ काय ते. एक माणूस जरी आत राहिला तरी साऱ्या गावाची गावपळण फुकट जाते, आणि पुढे जे काही वाईट होतं ते त्याच्या माथी. झालंच! मागून कुणीतरी म्हणालं, “म्हणान आंबो धरूक नाय त्या वर्षी!” दुसऱ्याला आपली म्हैस आटलेली आठवली. हसण्यावारी न्यावं असं वाटत होतं, पण कुणीच हसत नव्हतं. सावल्या, उजेड, धूसर झाडं, सगळं इतकं बरोबर जुळवलं होतं की माझ्याच कसबाने मला धरून दिलं.

“मी तुमच्यातच होतंय,” मी म्हटलं.

“कोणाच्या राहुटीत?”

“सगळ्यांच्या.”

“सगळ्यांच्या म्हणजे कोणाच्या रे?” तात्यांनी सगळ्यांकडे वळून विचारलं, “ढग इलो तेव्हा दिगूक कोणी बघलां?”

आणि मग जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. लोक एकमेकांकडे बघू लागले. ते दुष्टपणा करत नव्हते. खरंच आठवत होते, कपाळाला आठ्या घालून, माझ्यासाठी. एक म्हणाला, “सकाळी बघलेलो वाटता.” “ती आदली गावपळण रे,” दुसरा म्हणाला. ज्याच्या मुलीचं बारसं, मुंज नाही म्हणून वाढदिवस आणि शेवटी लग्नही मी काढलं, तोही डोकं खाजवत राहिला. मी रोझीबायकडे बघितलं. ती तरी ‘हां’ म्हणेल. रोजची भेट, कुंपणावरून वाटीची देवघेव.

ती पदराने तोंड पुसत म्हणाली, “माका खोटा बोलूक येना नाय, दिगू. मी तुका बघूक नाय.”

गावात राहिल्याचा आळ मला एवढा लागला नाही. मी बाहेर होतो, माणसांत होतो, त्यांच्या पाठीमागे चार हातांवर उभा होतो, आणि एवढ्या सगळ्यांतून एकाच्याही डोळ्यांत मी नव्हतो, हे मात्र लागलं. गाव रिकामं कसं दिसतं ते बघायचं होतं ना मला? बघितलं.

घरी जाऊन कॉम्प्युटर घेऊन आलो. घाईत वायर लागेना. वाचनालयाच्या टेबलावर ते चित्र उघडलं आणि एकेक थर उचलून दाखवला. हे बघा, दारं. या थराखालची मूळ दारं उघडीच आहेत, आत दिवा आहे. ही पाखाडी, हे तुम्हीच उभे, तात्या. आणि हा ढग. मूळ फोटो उघडला, जो मी चित्रासाठी खालून कापला होता. ढगाच्या खाली राहुट्यांचे शेंडे, आणि त्याखाली ओळीने पाठमोरी उभी असलेली सगळी माणसं.

“अरे, ह्यो मी!” एकजण ओरडला. “ह्या माझा टॉवेल!” “आवशीचो अंबाडो बग!” सगळे टेबलावर ओणवले. पाठीवरून, डोक्यावरून, टकलावरून एकमेकांना ओळखू लागले. हशा पिकला. तात्यांनी स्वतःची जोडलेल्या हातांची पाठमोरी मूर्ती बराच वेळ बघितली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “म्हणजे फोटो काढणारो बाहेरच होतो. चुकलां माझां, दिगू.” मोठा माणूस. असं चारचौघांत कोण म्हणतं? मी निर्दोष सुटलो. चहा आला. गर्दी स्क्रीनभोवती वाढत गेली, आणि कुणाच्या तरी तोंडून निघालंच, “बाजूक हो रे दिगू, दिसना नाय.”

मी बाजूला झालो. मागे जाऊन खुर्चीत बसलो आणि चहा प्यालो. एकही वाईट शब्द कुणी बोललं नव्हतं.

चित्र दुसऱ्या दिवशी मी उतरवलं. “रवांदे, पण त्यात माणसा घाल,” असं दोघा-तिघांनी सुचवलं. घालता आली असती. पण मला नको वाटलं. नंतर ढग जमवणंही सुटलं. आभाळ चांगलं झालं की बघतो, आणि आत जातो.

आज सकाळी वाडीत निघायची गडबड सुरू झाली. पुन्हा तीन दिवस. पुन्हा ‘जेवलंस?’ ‘जेवतंय.’ मग मला काय झालं कुणास ठाऊक, उठलो आणि घरोघर सांगत सुटलो. तात्यांच्या अंगणात गेलो. “तात्यानू, मी चललंय हां बाहेर. बघून ठेवा.” ते राहुटीचे वासे बांधत होते. आधी त्यांना कळेना. मग कळलं, तसे ते खाली बघून दोरीची गाठ मारत राहिले. पुढच्या घरी गेलो. “मी चललंय. बघून ठेवा माका.” बायका हसल्या. “येडो झालो काय ह्यो?” पोरांनी टाळ्या पिटल्या. मीही हसत होतो. पण एक घर सोडलं नाही.

शेवटी रोझीबायकडे. ती परसात वाकून खुराडं रिकामं करत होती. “रोझीबाय, मी चललंय. नीट बघून ठेव. मागारसून ‘बघूक नाय’ म्हणशीत.”

ती कमरेवर हात देत उभी राहिली. हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली, इतका वेळ की मलाच कसंतरी झालं, इकडेतिकडे बघू लागलो. माझ्या गळ्यातला कॅमेरा तिने स्वतःच्या हाताने काढला, आपल्या पिशवीत तांदळावर ठेवला, आणि खुराड्यातली एक तांबडी, ओरडून गाव डोक्यावर घेणारी कोंबी माझ्या दोन्ही हातांत कोंबली.

“धर घट. पाय सोडू नको. ही माझी अंड्याची कोंबी आसा, हिका तू वेशीभायर घेवन चल. आणि जेवक माझ्याच राहुटीत. तिनय दिवस.”

कोंबी पंख फडफडवत, नरडं फुटेस्तोवर कोकलत होती. मी तिला छातीशी धरून पाखाडी उतरलो. आळीतल्या प्रत्येक घरातून माणूस बाहेर डोकावलं. “रे दिगू, कोंबी कोणाची?” “रोझीबायची!” दुसऱ्या अंगणातून, “खंय घेवन चललंस तिका?” “भायर! राहुटीत!” तिसरीकडून, “पाय वायच वर धर, चोचतली तुका!” चोचलंच तिने, मनगटावर, रक्त आलं. मी मोठमोठ्याने उत्तरं देत, दोन्ही हात अडकलेला, डोळे पुसायलाही हात नसलेला, सगळ्या गावाच्या मधोमध वेशीपर्यंत चालत आलो.